सदतिसाव्या किलोमीटरवरचे तिप्पण्णा

तिप्पण्णा मुकादमांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला भर रस्त्यात मोटारीतून खाली उतरवलं म्हणून. त्याआधी मी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं.

गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली. आठ दिवसांची, आठ टप्प्यांची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदाच आमच्या भागातून जाणार होती. पाचवा टप्पा सोलापुरात सुरू व्हायचा, मंगळवेढ्यापर्यंत जायचा, तिथून दक्षिणेला कर्नाटकाच्या अंगानं एक मोठा वळसा मारून परत सोलापुरात संपायचा. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात खेळ शिकवतो, म्हणजे मैदानावर शिट्टी वाजवतो आणि पोरं ऐकत नाहीत. कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि मी त्या टप्प्याचा स्थानिक संयोजक झालो. गळ्यात ओळखपत्र, अंगात निळं जॅकेट आणि मोबाईलवर दिवसाला दोनशे निरोप. मला वाटलं होतं, शर्यत म्हणजे सायकलवाले येणार आणि जाणार. शर्यत म्हणजे मुळात रस्ता, हे मला नंतर कळलं, आणि रस्त्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती.

आमचे मार्गप्रमुख होते इंद्रजीत. पुण्याचे, एकेकाळी राष्ट्रीय पातळीवर सायकल चालवलेले, बोलायला गोड, पण एक डोळा सतत घड्याळावर. त्यांनी मला एक छापील तक्ता दिला. बांधकाम खात्याच्या जुन्या नमुन्यावरूनच तो केला होता. रस्त्यावरचा प्रत्येक अडथळा त्यात लिहायचा: खड्डा, मोरी, अरुंद पूल, गतिरोधक. सव्वाशे सायकली एकमेकींना चिकटून पन्नासच्या वेगानं धावतात, पुढच्याला दिसलेला खड्डा मागच्याला दिसत नाही. एक अडथळा लिहायचा राहिला तरी माणसं पडतात, हाडं मोडतात, कधी त्याहून वाईट होतं. हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, आणि त्यानंतर चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

मोटारीत बसून, मांडीवर तक्ता ठेवून मी निघालो. मंगळवेढ्याच्या पुढे करडेवाडीपाशी लिंबाच्या झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात केला. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूती. काय लिहिताय म्हणून विचारलं. मी तक्ता दाखवला. त्यांनी तो लांब धरून वाचला, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, खाली उतरा. मोटारीत बसून रस्ता कळत न्हाई."

उतरलो. दुसरं काय करणार? चार किलोमीटर त्यांनी मला उन्हातून चालवलं आणि मी न लिहिलेल्या अकरा गोष्टी दाखवल्या. एका वळणावर दुपारी डांबर पाझरतं, एका मोरीचा कठडा आतून पोकळ आहे, एका उतारावर ज्वारीच्या कापणीनंतर लोक कडब्याच्या गाड्या आडव्या उभ्या करतात. मी घामाघूम झालो होतो आणि मनातून चिडलोही होतो, कारण माणूस बरोबर होता.

तिप्पण्णा तीस वर्षं मैलकुली होते. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा त्यांच्याकडे असायचा. त्याचे खड्डे भरायचे, गटारं उपसायची, कडेच्या झाडांना चुना आणि काव लावायची. शेवटची आठ वर्षं ते मुकादम झाले. किलोमीटर एकतीस ते चव्वेचाळीस हा त्यांचा तुकडा, आणि त्यांचं स्वतःचं करडेवाडी बरोबर सदतीसवर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पहाटे उठून ते एकदा रस्ता बघून यायचे. निंगव्वा, त्यांची बायको, यावरून त्यांना बोलायची. पगार नसताना कसली हजेरी लावता, असं तिचं म्हणणं होतं.

मी सगळा वळसाच त्यांच्या गळ्यात घातला. बासष्ट किलोमीटर त्यांनी नऊ दिवसांत चालून पुरे केले. तक्ता हातात पडला तेव्हा मी बघतच राहिलो. सातवी शिकलेल्या माणसाचं निळ्या शाईतलं अक्षर, आमच्या प्राध्यापकांना लाज वाटावी असं. आणि एकही रकाना कोरा नाही. त्याचं कारण त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक रकाना कोरा राहिला म्हणून साहेबानं त्यांना अकरा किलोमीटर मागे चालत पाठवलं होतं. कोरा रकाना म्हणजे न केलेलं काम, हे तेव्हापासून त्यांच्या हाडात बसलं.

फक्त एका ओळीशी त्यांचा हात अडला होता. ती ओळ त्यांनी माझ्यासमोर भरायची ठेवली होती. आम्ही करडेवाडीत गंगम्माच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. टपरीसमोरच रस्त्यावर एक ओबडधोबड गतिरोधक होता, ना पट्टे ना पाटी. रस्त्याच्या अल्याड गाव, पल्याड शाळा. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात परवाना क्रमांक लिहायचा होता, आणि या गतिरोधकाला परवाना नव्हता.

सहा वर्षांपूर्वी गंगम्माची मुलगी शिवलीला शाळेला जाताना तिथे टिपरखाली सापडली. नऊ वर्षांची होती. गावानं अर्ज केले, अर्जांचं जे होतं ते झालं. मग एके दिवशी लोकांनी दगड-मुरूम आणून रातोरात नव्हे, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत गतिरोधक घातला. दगड कमी पडले तेव्हा गंगम्मानं आपल्या घरासमोरचा कट्टा स्वतःच्या हातानं उखडून चौदा दगड आणून दिले. तिप्पण्णा तेव्हा मुकादम होते. असा बेकायदा गतिरोधक दिसला की कळवायचा आणि फोडायला लावायचा, हे त्यांचं काम. त्यांनी कळवलं नाही.

"नोकरीत तेवडी एकच नोंद बुडवली म्या," ते म्हणाले. "आता काय लिवू सांगा."

मी घाईत होतो. दुपारी दोनला इंद्रजीतांना तक्ता पाठवायचा होता. मी म्हणालो, "जे आहे ते लिहा मुकादम. सायकलवाल्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. गतिरोधक काढले तरी शर्यत झाली की आठ दिवसांत सगळे होते तसे बसवून देणार आहेत. माझा शब्द."

त्यांनी लिहिलं: 'विनापरवाना'. गंगम्मा गाळणी हातात धरून ऐकत होती. ती तिप्पण्णांना अण्णा म्हणायची, पण बोलली माझ्याशी. "दगड टाकून दिऊ नगा सर. माज्या कट्ट्याचे हायत." मी तेही कबूल केलं. शब्द द्यायला माझे काही पैसे पडत नव्हते.

डिसेंबरात रस्ता नवा झाला. करडेवाडीनं असा रस्ता जन्मात पाहिला नव्हता. म्हातारीकोतारी अनवाणी चालून बघत होती. शर्यतीच्या तीन दिवस आधी जेसीबीनं गतिरोधक उचलला आणि जागा डांबरानं सपाट केली. तिप्पण्णा तिथे उभे राहून ढिगाऱ्यातून गंगम्माचे चौदा दगड वेचत होते. ते त्यांनी लिंबाखाली नीट रचून ठेवले.

शर्यतीच्या दिवशी मी त्यांनाच सदतिसाव्या किलोमीटरवर उभं केलं. धोतरावर आमचं निळं जॅकेट, हातात पिवळा झेंडा, गळ्यात शिट्टी. वळणावर परदेशात गवताचे गठ्ठे लावतात म्हणे, आम्ही कडब्याच्या पेंढ्या लावल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या गावच्या गाईंनी सकाळीच पळवल्या. तिप्पण्णांनी गाई हाकलल्या, कुत्री बांधायला लावली, पोरांना दोरीमागे बसवलं. मग सायकली आल्या आणि गेल्या. मी घड्याळ लावलं होतं. छप्पन्न सेकंद.

त्या वळशात एकही माणूस पडला नाही. परदेशी पंचानं इंद्रजीतांना सांगितलं की अडथळ्यांची इतकी चोख यादी त्यानं या देशात पाहिली नव्हती. मी ते तिप्पण्णांना फोनवर कळवलं. पलीकडे त्यांनी ते निंगव्वाला कन्नडमधून सांगितलेलं मला ऐकू आलं. झेंडा आणि जॅकेट परत द्यायला ते सोलापूरला यायला निघाले होते. मी म्हणालो, राहू द्या तुमच्याकडे आठवण म्हणून.

शर्यत सहाव्या टप्प्याला गेली, आणि तिच्याबरोबर सगळंच गेलं. मोबाईलवरच्या गटातून एकेक जण निघून गेला. तीन दिवसांत मी आणि एक पाण्याच्या बाटल्या पुरवणारा, एवढे दोघंच उरलो.

गतिरोधक मात्र ठरल्याप्रमाणे बसायला लागले. मी खूश होतो. आठ दिवसांत तेवीस गतिरोधक बसले, पांढऱ्या पट्ट्यांसकट. करडेवाडीचा बसला नाही. राहिला असेल चुकून, असं म्हणून मी तिप्पण्णांना घेऊन बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेलो. अभियंता तरुण होता, अदबीनं बोलणारा. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि फाइल उघडून आमचाच तक्ता आमच्यासमोर ठेवला. सदतीस किलोमीटर, विनापरवाना. जे कागदावर कधी नव्हतंच ते परत बसवायचं कसं, असं त्यानं विचारलं.

तिप्पण्णांनी तक्ता लांब धरून वाचला. "साहेब, अक्षर माजंच हाय," ते म्हणाले.

मग नवीन प्रस्ताव द्या, असं ठरलं. त्यासाठी गेल्या पाच वर्षांतल्या अपघातांची नोंद लागते. ती शून्य. गतिरोधक होता म्हणून शून्य, हे मी आवाज चढवून सांगितलं. अभियंत्यानं मान हलवली, त्याला ते पटलंही असावं, पण तक्त्यात पटण्याचा रकाना नसतो. शिवाय रस्ता नवीन, ठेकेदाराची तीन वर्षांची हमी, तोवर मंजूर कामाबाहेर त्याला हात लावता येणार नाही. मी वैतागून म्हणालो, आणि हा एक शब्द लिहिलाच नसता तर? तो सहज बोलून गेला की तर प्रश्नच नव्हता, रकाना कोरा असता तर मजुरांनी बाकीच्यांबरोबर हाही बसवून टाकला असता, कोण विचारतंय.

तो असं बोलला नसता तर बरं झालं असतं. तिप्पण्णांनी कपातला चहा तसाच ठेवला. मी त्यांना एसटीत बसवून दिलं. मला त्या अभियंत्याचा राग येत होता, पण खरं सांगायचं तर तो राग त्याच्यावरचा नव्हता. लिहा म्हणणारा मीच होतो.

मी हातपाय हलवले नाहीत असं नाही. इंद्रजीतांना फोन केला. ते दुसऱ्या राज्यात दुसऱ्या शर्यतीच्या गडबडीत होते. त्यांना मनापासून वाईट वाटलं, त्यांनी एक ईमेल पाठवली. मी तीन अर्ज लिहिले, दोनदा चकरा मारल्या. फेब्रुवारीत गावकऱ्यांनी पुन्हा मुरूम टाकून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो उचलला गेला आणि चौघांची नावं पोलिसांत गेली, त्यानंतर कुणी हात लावला नाही. गावात सगळे तिप्पण्णांनाच बोलायला लागले. गंगम्मा बोलत नव्हती, ती त्यांना चहा द्यायची बंद झाली. मार्चमध्ये निंगव्वाचा फोन आला.

"सर, ह्येनी धड जेवत न्हाईत. रस्त्यावर जाऊन हुबं ऱ्हातेत. चूक ह्येंची न्हवती म्हणून तुमी यिऊन सांगा की एकडाव."

येतो म्हणालो. परीक्षा आल्या, मग सुट्ट्या, मग प्रवेश. मी गेलो नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत होतो. तिथे जाऊन काय तोंड दाखवायचं, हे त्याचं खरं कारण होतं.

ऑगस्टमध्ये पलीकडच्या एका गावी कबड्डीच्या निवडीसाठी मी त्याच रस्त्यानं निघालो. सकाळचे साडेदहा. रस्ता अजून नव्यासारखा होता, गाडी पळत होती. तेवढ्यात इंद्रजीतांचा फोन आला. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा याच मार्गानं येणार, आणि मुकादमांचा तक्ता जसाच्या तसा वापरता येईल का, असं ते विचारत होते. "उलट एक अडथळा कमीच झालाय ना आपला," ते म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर पिवळा झेंडा दिसला.

ब्रेक मी सगळ्या अंगानिशी दाबला. चाकं किंचाळली, गाडी तिरकी झाली, झेंड्याच्या बाजूनं घसरत गेली आणि गंगम्माच्या टपरीच्याही पुढे जाऊन थांबली. गतिरोधक होता ती जागा माझ्या मागे दहा-बारा पावलं राहिली होती. आरशात पाहिलं तर कडेला दप्तरं घेतलेली पोरं ओळीनं उभी होती आणि तिप्पण्णा रस्त्याच्या मधोमध. निळं जॅकेट उन्हानं पांढुरकं पडलं होतं.

ते चालत माझ्या खिडकीपाशी आले. मला ओळखलं. मी शिव्या खायच्या तयारीत होतो, खरं तर त्या मला हव्याच होत्या.

"सर, तुमाला कुटं लागलं न्हाई न्हवं?"

मी मान हलवली. ते मागे फिरले, दोन्ही बाजूंना बघून शिट्टी वाजवली, आणि पोरं रस्ता ओलांडून शाळेत गेली. कोणी दंगा केला नाही. माझ्या मैदानावर इतकी शिस्त मी कधी आणू शकलो नाही.

मी खाली उतरलो. सकाळी शाळा भरताना, दुपारी जेवायला सुटल्यावर आणि संध्याकाळी, असे ते रोज तीनदा उभे राहत होते. जानेवारीपासून, सुट्ट्या सोडून. मी घाईघाईनं बोलू लागलो, की मी परत अर्ज करतो, आमदारांच्या माणसाशी माझी ओळख आहे, या वेळी शर्यतवाल्यांकडूनच पत्र घेतो. त्यांनी मला सगळं बोलू दिलं.

"अर्ज ऱ्हाऊ द्या सर," ते म्हणाले. "झेंडे हायत का तुमच्याकडं?"

त्यांच्या हातातला झेंडा तीन ठिकाणी शिवला होता, निंगव्वाच्या हातचे टाके दिसत होते. मी विचारलं, किती हवेत?

"दोन. दर मंगळवारी मला डोळ्याला सोलापूरला जावं लागतंय. मोतीबिंदू वाडलाय, लांबची गाडी नीट दिसत न्हाई. त्या दिवशी गंगम्मा हुबी ऱ्हाती. तिच्याजवळ झेंडा न्हाई. ती पदर धरती फुडं."

टपरीकडे पाहायला मला धीर करावा लागला. ती तिथेच होती, स्टोव्ह बंद करून बाहेर येऊन उभी होती. ज्या जागी तिची पोर गेली त्या जागी ती दर मंगळवारी भरधाव गाड्यांसमोर पदर पसरून उभी राहत होती, आणि माझ्या गाडीच्या डिकीत आठ महिने शर्यतीचे पाच झेंडे पडून होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि या लाजेनंसुद्धा काही होणार नव्हतं, हेही मला त्याच क्षणी कळत होतं.

डिकी उघडून मी पाचही झेंडे दिले. तिप्पण्णांनी काठ्या वाकवून बघितल्या, दोन निवडले आणि तीन माझ्या हातात परत ठेवले.

"हे तुमाला लागतील. फुडल्या वर्षी शर्यत हाय न्हवं? तक्ता पायजे असंल तर सांगा, म्या पुन्ना चालून बगतो. डोळ्याचं तेवडं झालं की."

गंगम्मानं एक झेंडा घेतला, उलगडून पाहिला आणि टपरीच्या खांबाला अडकवला. मला चहा विचारला नाही. मागून एक ट्रक येत होता. तिप्पण्णांनी मला हातानं गाडी काढायची खूण केली. लिंबाखाली चौदा दगड अजून तसेच रचलेले होते, वर गवत आलं होतं.

मी वीसच्या वेगानं निघालो. गाव संपलं, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली. इंद्रजीतांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव डोक्यात चालू होती. पुढच्या गावापाशी गाडी जोरात आदळली, डोकं छताला लागलं. पांढऱ्या पट्ट्यांचा, परवाना असलेला गतिरोधक होता. मी वेगाच्या काट्याकडे पाहिलं. सत्तर.